‘पडीक’, ‘अतिरिक्त’ आणि ‘हरित’ : जैवइंधनाच्या मराठी परिभाषेची समीक्षा

१

शासनाचे धोरण लोकांपर्यंत पोहोचते ते प्रथम शब्दांच्या रूपाने. आकडे मागाहून येतात, आणि पुष्कळदा येतही नाहीत. पिकांपासून वाहनांसाठी इंधन तयार करण्याचा जो उद्योग आपल्या देशात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, गेल्या वीस-बावीस वर्षांत उभा राहिला, त्याच्याबरोबर मराठीत एक लहानशी परिभाषाही आली. जैवइंधन, हरित इंधन, पडीक जमीन, अतिरिक्त साखर, खाण्यास अयोग्य धान्य, ऊर्जादाता शेतकरी हे तिच्यातील ठळक शब्द होत. २००९ व २०१८ सालच्या दोन राष्ट्रीय जैवइंधन धोरणांतील इंग्रजी संज्ञांच्या छायेत ही परिभाषा वाढली. आज वृत्तपत्रांत, कारखान्यांच्या अहवालांत आणि व्यासपीठांवरील भाषणांत ती सर्रास वापरली जाते.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा आहे. इंधनाच्या रसायनशास्त्रावर वा अर्थशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा उद्देश नाही. तथापि ह्या परिभाषेतील काही शब्दांच्या अर्थात जी घालमेल झाली आहे तिचे परिणाम पाण्यावर, मातीवर आणि अन्नावर होतात, असे त्याचे मत झाले आहे, आणि ते येथे मांडावयाचे आहे. ह्या शब्दांचे एक समान लक्षण आरंभीच सांगितले पाहिजे. ‘पडीक’, ‘अतिरिक्त’, ‘अयोग्य’, ‘हरित’ ही सर्व विशेषणे खरे पाहता सापेक्ष आहेत. एखादी जमीन कोणाच्या तरी दृष्टीने पडीक असते; एखादे धान्य कोणाच्या तरी गरजेहून अतिरिक्त असते. परिभाषेत शिरताना ह्या विशेषणांमागील षष्ठी वा चतुर्थी गळून पडली. ‘कोणाच्या दृष्टीने?’ हा प्रश्न नाहीसा झाला, आणि जे नाते होते ते त्या वस्तूचा अंगचा गुण होऊन बसले.

२

प्रथम ‘पडीक’ हा शब्द घेऊ. त्याचा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात आला तो शेतात नव्हे, तर वरळीच्या बीडीडी चाळीत. ह्यात दिसते तेवढे आश्चर्य नाही. ज्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’च्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले, त्या खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून ह्या योजनेसाठी पैसा उभा करण्यात आला होता. तेव्हा पोटासाठी नव्हे तर यंत्रासाठी पिकविलेल्या एका पिकाच्या कराचा ह्या भिंतींना हातभार लागला, आणि त्याच पिकाच्या गिरण्यांत राबणारी माणसे त्यांच्या आत राहिली. रोकडीच्या पिकाचा आणि ह्या वस्तीचा संबंध असा जन्मापासूनचा आहे.

ह्या चाळींत दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जो पॅसेज जातो तो बोलींच्या अभ्यासकाला एखाद्या संग्रहालयासारखा असतो. घाटावरचे आणि कोकणातले कुटुंब समोरासमोर राहते, आणि एकच शब्द दोन दारांत दोन अर्थांनी ऐकू येतो. ‘रान’ हा शब्द घ्या. सातारा-सोलापूरकडच्या माणसाचे रान म्हणजे त्याचे कसलेले शेत. ‘रानात गेलाय’ म्हणजे कामाला गेला आहे. समोरच्या कोकणी शेजाऱ्याचे रान म्हणजे जंगल. जमिनीविषयीचे शब्द बाहेरून लावता येत नाहीत, ते त्या त्या जमिनीवर राबणाऱ्याकडूनच समजून घ्यावे लागतात, हा धडा त्या पॅसेजमध्ये सहज मिळतो.

पुनर्विकासातील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांना देण्यात आल्या. त्याच्या काही काळ आधी, बांधाबांधीच्या गडबडीत, माण तालुक्यातील एका वृद्धेशी प्रस्तुत लेखकाचे बोलणे झाले. गावाकडे त्यांची थोडी जिरायती जमीन आहे. ‘आजी, जमीन पडीक आहे ना? मग तेलाची झाडं लावायला कुणी मागितली तर द्याल का?’ असे विचारता त्या किंचित रागावल्या. म्हणाल्या, ‘पडीक कुठली वो? पड टाकलिया. आवंदा इसावा दिलाय रानाला. मेंढरं बसत्यात तिथं.’

ह्या चार वाक्यांत जे आहे ते धोरणाच्या परिभाषेत नाही. ‘पड टाकणे’ ही सकर्मक क्रिया आहे. तिला कर्ता आहे, हेतू आहे आणि मुदत आहे. शेत थकते म्हणून शेतकरी ते एक-दोन हंगाम सोडतो. त्या काळात धनगराची मेंढरे तेथे बसतात, लेंडीखत पडते, आणि पुढल्या पिकाची तयारी होते. उलट ‘पडीक’ ह्या विशेषणात कर्ता नाही. जमीन जणू आपण होऊन पडली आहे आणि कोणी उचलण्याची वाट पाहत आहे, असा भास त्यातून होतो. इंग्रजी महसुली व्यवस्थेत ज्या जमिनीपासून सारा मिळत नव्हता तिला एकच सरसकट नाव मिळाले. मराठीत मात्र त्याच जमिनीला गायरान, कुरण, माळ, बरड, मुरमाड, वरकस, खाजण अशी निरनिराळी नावे आहेत, आणि प्रत्येक नावात तिचा उपयोग वा स्वभाव सांगितलेला आहे. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’सुद्धा गुरांच्या दृष्टीने खराब असतोच असे नाही.

ह्या शब्दभेदाची किंमत काय पडते हे मोगली एरंडाच्या प्रकरणात दिसून आले. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली ह्या झाडाच्या बियांपासून डिझेल करण्याची कल्पना पुढे मांडली आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक जमीन उपलब्ध होऊ शकेल असा अंदाज केला. २००९च्या धोरणाने त्याला सैद्धान्तिक आधार दिला: अखाद्य पिके पडीक व निकृष्ट जमिनीवर घेतली म्हणजे अन्न आणि इंधन ह्यांत झगडा होणार नाही. २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही त्यात होते. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. पाण्याशिवाय हे झाड जगते, परंतु पाण्याशिवाय भरपूर बी देत नाही. चांगल्या उत्पन्नासाठी त्यालाही चांगली जमीन व पाणी हवे असते. ह्या झाडाला गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून तर आपल्या लोकांनी ते पूर्वीपासून कुंपणाला लावले. कुंपणाचे झाड माळभर लावले म्हणजे चराईचा माळ बंद होतो, ही गोष्ट कुंपण घालणाऱ्यास सांगावी लागली नसती.

माळाचा आणखी एक रहिवासी आहे, आणि त्याच्या नावातच त्याचा पत्ता आहे. माळढोक हा पक्षी गवताळ माळांवाचून राहू शकत नाही. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यात नान्नज परिसरात अभयारण्य जाहीर झाले. आज हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ती सर्व इंधनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु माळांचे बागायतीत व उसात रूपांतर होणे हे त्यांतील एक कारण आहे, आणि ज्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ व झुडपी माळही जमा धरले जातात, तेथे माळ मोडण्यास कोणाची परवानगी घ्यावी असे वाटत नाही.

३

दुसरा शब्द ‘अतिरिक्त’. २०१८च्या धोरणात इथेनॉलासाठी उसाचा रस, मका, तसेच खाण्यास अयोग्य ठरलेला गहू, तुकडा तांदूळ, सडका बटाटा ह्यांस मुभा देण्यात आली, आणि समन्वय समितीच्या संमतीने अतिरिक्त अन्नधान्यासही. ह्या यादीतील ‘तुकडा तांदूळ’ हे भाषांतर ऐकून चाळीतील कोणाही गृहिणीला तो पदार्थ कोणता हे प्रथम कळणार नाही. तिच्या भाषेत ती कणी आहे. कणीची पेज आजारी माणसाला देतात, कणीचा भात स्वस्त पडतो, आणि गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत कणीने किती घरे तगली हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. ज्याला ‘कणी’ असे स्वतंत्र नाव आहे ते अन्न आहे; त्याला ‘तुकडा’ म्हटले की ते अन्नाचा मोडका अवशेष ठरते. भाषांतराने येथे ताटातील एक पदार्थ टाकीकडे वळविला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ह्याच कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा कोंबड्यांच्या खाद्याला व इथेनॉलाला ती कमी पडू नये असे कारण देण्यात आले होते. जो पदार्थ चार वर्षांपूर्वी अवशेष होता तो जपून ठेवण्याचा माल झाला.

साखरेविषयी ‘अतिरिक्त’ शब्द प्रथम वापरला गेला तेव्हा त्यात तथ्य होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०१७-१८ व २०१८-१९ ह्या हंगामांत देशाचे उत्पादन सव्वातीन कोटी टनांच्या घरात गेले आणि खप अडीच कोटी टनांच्या आसपास होता. कारखान्यांकडे साखर पडून होती आणि शेतकऱ्यांची उसाची बिले थकली होती. परंतु हे आधिक्य पावसासारखे आभाळातून पडलेले नव्हते. इतर पिकांना न मिळणारी खात्रीची किंमत, खात्रीचा गिऱ्हाईक आणि कालव्याचे पाणी ह्यांनी ते निर्माण केले होते. आधिक्य कशाने झाले हा प्रश्न न विचारता त्याची विल्हेवाट कशी लावावी एवढेच विचारले गेले. मग विल्हेवाटीसाठी आसवन्या उभ्या राहिल्या, कर्जे काढली गेली, आणि आधिक्य ही त्या आसवन्यांची कायमची गरज झाली.

ह्या अर्थांतराची परीक्षा अवघ्या पाच वर्षांत झाली. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३चा ऑगस्ट महिना देशात सर्वांत कोरडा गेला. साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई करण्यात आली. आठवडाभरात ती शिथिल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घालण्यात आली, आणि पुढील हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. मधल्या काळात मागणी मक्याकडे वळली. परिणामी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने २०२४ साली म्यानमार, युक्रेन अशा देशांतून मका आणला. २०२४-२५च्या पुरवठा-वर्षात धान्यापासूनच्या इथेनॉलाचा वाटा उसाहून मोठा झाला, आणि भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारातील तांदूळही त्यात होता. मिश्रणाचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले हे खरे. परंतु ते पोहोचले तेव्हा ‘अतिरिक्त’ ह्या शब्दाच्या मूळ अर्थाला चिकटून राहणे कोणासही शक्य उरले नव्हते.

येथे ‘मळी’ ह्या शब्दाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले ते मुख्यतः मळीच्या बळावर. साखर काढून झाल्यावर राहिलेली मळी ही खरोखर उप-उत्पादन होती. तिच्यासाठी उसाचे एक कांडेही अधिक लावावे लागत नव्हते. ऊस उत्पादकाची भाषा ह्या बाबतीत काटेकोर आहे. वाढे गुरांना, पाचट सरीत, चिपाड चुलीला, मळी आसवनीला. प्रत्येक भागाला नाव आहे आणि नावाबरोबर त्याचे ठिकाणही ठरलेले आहे. पाचट न जाळता शेतातच कुजवावे, म्हणजे ओल टिकते व जमिनीचा कस वाढतो, असा सल्ला कृषितज्ज्ञ देत आले आहेत. म्हणून पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याच्या नव्या तंत्राचे, उदाहरणार्थ २०२२ साली पानिपत येथे सुरू झालेल्या भाताच्या पेंढ्याच्या प्रकल्पाचे, स्वागत करतानाही ‘टाकाऊ’ हा शब्द जपून वापरावा लागेल. जेथे पेंढा जाळलाच जातो तेथे तो टाकाऊ ठरतो. जेथे तो मातीत वा दावणीत जातो तेथे तो टाकाऊ नव्हे. असो. सांगावयाचे ते एवढेच की २०१८ साली मळीवरून सरळ रसावर येताना धोरणाने जी सीमा ओलांडली ती भाषेत कोठेच उमटली नाही. त्यापूर्वी इंधन हे पिकाच्या मागून येत होते, त्यानंतर पीक इंधनासाठी घेतले जाऊ लागले, आणि दोन्ही अवस्थांना नाव मात्र एकच राहिले.

४

तिसरा शब्द ‘हरित’. मराठी माणूस पानाला, पिकाला, माळाला हिरवे म्हणतो; ‘हरित’ म्हणत नाही. तत्सम रूप योजले की शब्द डोळ्यांपासून दूर जातो आणि कागदावर राहू लागतो. ‘हरित इंधन’ ह्या प्रयोगात हिरवेपणाचा अर्थ एकच उरला आहे: जळताना जो कर्बवायू बाहेर पडतो तो पिकाने वाढताना हवेतूनच घेतला होता, म्हणून हिशेब मिटला.

हा हिशेब अगदीच खोटा नाही. उसाचे इथेनॉल ह्या बाबतीत मक्याच्या इथेनॉलाहून पुष्कळ सरस आहे, कारण चिपाड जाळूनच कारखान्याची वाफ व वीज निघते. ब्राझीलने १९७५ पासून चालविलेल्या कार्यक्रमाचा आधारही हाच आहे. परंतु हिशेबाच्या वहीत आणखी रकाने आहेत. आडसाली उसाला महाराष्ट्रात हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातील सुमारे एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते असे धरतात, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत त्या वायूचा एक किलो कर्बवायूच्या सुमारे २७३ किलोंइतका तापदायक असतो. म्हणजे एका हेक्टरामागे सुमारे पावणेदोन टन कर्बवायूचा बोजा केवळ खताच्या एका वाटेने येतो. टिमथी सर्चिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की अमेरिकेत मका इंधनाकडे वळला म्हणजे खाण्याचे धान्य पिकविण्यासाठी जगात अन्यत्र कोठेतरी जंगल वा गवत मोडले जाते, आणि तो कर्ब हिशेबात घेतला तर बचतीऐवजी तूटच पदरी पडते. त्यांच्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. परंतु जमिनीचा हा रकाना वहीत असलाच पाहिजे हे मात्र सर्वमान्य झाले. भारताने युक्रेनचा मका घेतला तेव्हा आपण त्याच रकान्यात जाऊन बसलो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा रकाना पाण्याचा आहे. राज्यातील लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि तो सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व किंमत आयोगाने नोंदविले आहे. नीती आयोगाच्या जून २०२१च्या अहवालात असा हिशेब आहे: एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळते, एक किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते, म्हणून उसाच्या एक लिटर इथेनॉलामागे सुमारे २,८६० लिटर पाणी. हा आकडा स्थूल आहे. जमीन, हंगाम आणि पाणी देण्याची पद्धत ह्यांप्रमाणे तो बदलेल, आणि मळीपासूनच्या इथेनॉलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु रसापासूनच्या इथेनॉलाचे मोठे माप त्यावरून कळते.

बीडीडी चाळीच्या खोलीत पाणी पिंपाने मोजले जात असे. नळाच्या ठरलेल्या वेळी भरून ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप ही त्या घरातील मोठी ठेव होती. त्या मापाने एक लिटर इथेनॉल म्हणजे चौदा पिंपे पाणी. आज विकल्या जाणाऱ्या पाच लिटर पेट्रोलात एक लिटर इथेनॉल असते. नव्या उंच इमारतीच्या वाहनतळावरून एखादी स्कूटर टाकी भरून निघते तेव्हा, ते इथेनॉल उसाच्या रसाचे असल्यास, चौदा पिंपे कोणाच्या तरी विहिरीतून वा कालव्यातून उपसली गेलेली असतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले गेले. त्या ‘जलदूता’च्या पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नीती आयोगाच्या हिशेबाने त्यातून पावणेदोनशे लिटर इथेनॉलापुरता ऊस वाढला असता. लातूर भागात त्याही काळात ऊस होता आणि कारखानेही होते. उन्हाळ्यात मराठवाड्यातून प्रवास करणाऱ्यास जो हिरवा पट्टा दिसतो तो बहुधा उसाचा असतो, आणि तो हिरवा असण्याचे कारण भोवतालच्या रंगात शोधावे लागते.

पाण्याचा अतिरेक झाला की काय होते हे कृष्णाकाठाने पाहिले आहे. शिरोळ, मिरज, वाळवा ह्या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या भरपूर पाणी दिल्याने हजारो एकर जमीन पाणथळ व खारट झाली. तिला लोक ‘क्षारपड’ म्हणतात. माणदेशातील वृद्धेने सांगितलेली पड आणि ही क्षारपड ह्यांत शब्द एकच आहे, परंतु पहिली विसाव्याने सुपीक होते आणि दुसरी उपसून घेतल्याने नापीक झालेली आहे. धोरणाच्या कागदावर ह्या दोहोंची नोंद ‘पडीक’ अशी एकाच रकान्यात होऊ शकते, ह्यापरती परिभाषेची अधोगती कोणती?

५

शेवटचा शब्द ‘ऊर्जादाता’. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ह्यांनी आपल्या भाषणांतून तो विशेष रूढ केला. शेतकरी अन्नदाता होता, तो आता ऊर्जादाताही व्हावा, ही त्यामागील कल्पना आहे. तिचा हेतू चांगला आहे, आणि शेतकऱ्याला मान देणारा शब्द लोकांना आवडावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ‘दाता’ म्हटले की दान आले, आणि दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करावयाचे असते. उसातून जी ऊर्जा दिली जाते तिच्यात शेतकऱ्याचे श्रम आहेत, तसेच खालच्या गावाच्या वाट्याचे पाणी आहे, पुढल्या पिढीच्या मातीचा कस आहे, आणि ऊस तोडणाऱ्या मजुराचे शरीर आहे. तो मजूर ज्या हिशेबात मोजला जातो तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात. इतक्या दात्यांतून एकच नाव निवडले गेले, आणि तेही पुष्कळदा कारखान्याच्या फलकावर.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो. त्याचा भार कमी होणे इष्टच आहे. इथेनॉलाच्या पैशामुळे कारखान्यांना उसाचा रास्त व किफायतशीर दर वेळेवर देणे सुकर झाले, हेही नाकारता येत नाही. ज्याचे बिल दोन वर्षे थकले होते त्या शेतकऱ्यापुढे शब्दांची चिकित्सा करणे हा पांढरपेशा करमणुकीचा प्रकार आहे, असेही कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेच की प्रस्तुत लेखकाचा विरोध इथेनॉलाला नाही. ज्या मळीचे इथेनॉल पूर्वी होत होते ते व्हावे. जो पेंढा खरोखर जाळला जातो त्याचेही व्हावे. विरोध आहे तो हिशेब बंद करणाऱ्या शब्दांना. तेलाची आयात रुपयांत मोजली जाते आणि पाण्याची निर्यात कोणत्याच नाण्यात मोजली जात नाही. ह्याचे एक कारण असे की पहिलीला नाव आहे आणि दुसरीला नाही. आणि ज्या शेतकऱ्याचे बिल थकले होते त्याचाच भाऊ अनेकदा कोरड्या तालुक्यात ज्वारी-तूर करतो. त्याच्या धान्याला तशी खात्रीची किंमत मिळाली असती तर उसाचे आधिक्य कदाचित झालेच नसते.

तेव्हा करावयाचे काय? भाषेच्या अभ्यासकाला सुचविता येण्याजोगी गोष्ट लहानशी आहे. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषा घडविण्याचे मोठे काम मराठीत झाले आहे. त्या परंपरेत जैवइंधनाच्या परिभाषेचा फेरविचार व्हावा, आणि गळालेली विभक्ती परत बसवावी. कोणत्याही शासकीय कागदात ‘पडीक’ म्हणताना ती गायरान आहे, कुरण आहे, पड टाकलेली आहे की क्षारपड, हे लिहिणे आवश्यक करावे. ‘अतिरिक्त’ म्हणताना कोणत्या वर्षीच्या, कोणत्या पिकाच्या आणि कोणाच्या गरजेहून, हे सांगावे. कणीला कणी म्हणावे. ‘हरित’ म्हणताना कर्बाबरोबर पाण्याचाही आकडा शेजारी छापावा. ह्याने धोरण बदलेलच असे नाही. परंतु धोरण वाचणाऱ्यास प्रश्न विचारता येतील.

ह्यासाठी जे शब्द लागतील ते अजून बोलले जात आहेत, मात्र फार काळ बोलले जातील असे नाही. बीडीडी चाळीतील पॅसेज आता एकेक करून संपत आहेत. नव्या इमारतीतील घरे पाचशे चौरस फुटांची आहेत, नळ घरात आहे, दार बंद होते. ह्याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु समोरासमोरच्या दोन दारांत ‘रान’ शब्दाचे दोन अर्थ ऐकू येण्याची सोय तेथे राहणार नाही. गिरण्यांच्या पिढीतील जी माणसे गावच्या जमिनीचे शब्द घेऊन मुंबईस आली ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. माती, पड, माळ, पाणी आणि पिकांचे भाग ह्यांविषयीची त्यांची शब्दसंपत्ती तालुकावार नोंदवून ठेवण्याचे काम भाषाविभागांनी तातडीने हाती घ्यावे. त्या नोंदीत माण तालुक्याच्या पानावर ‘पड टाकणे’ ही क्रिया तिच्या कर्त्यासह यावी, एवढी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे.